सिकलसेल तपासणीला समुपदेशनाची जोड हवी

माननीय संपादक महोदय,

सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्यासाठीच्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत या तपासणीची गरज फार मोठी आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र माध्यमिक शाळेत अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवताना आणि तपासणी झालेल्या कुटुंबांशी बोलताना मला वारंवार जाणवले आहे की, ‘एएस’ किंवा ‘एसएस’ असे लिहिलेले कार्ड घरी येते. पण त्या अक्षरांचा अर्थ घरातल्या कुणालाच ठाऊक नसतो आणि त्या अज्ञानातून अकारण दुःख उभे राहते.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी कशी घडवायची याची माहिती अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते. त्या जनुकात एका ठिकाणी बदल झाल्यामुळे साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. परिणामी ऑक्सिजन कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे तंतू बनतात, लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि एरवी सुमारे १२० दिवस टिकणारी ही पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. रुग्णाला होणाऱ्या असह्य वेदना आणि सततचा रक्तक्षय यांचे मूळ एवढ्याशा बदलात आहे.

या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रती सामान्य असतील तर ‘एए’, एकच बदललेली असेल तर ‘एएस’ म्हणजे वाहक आणि दोन्ही बदललेल्या असतील तर ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. वाहकाची एक प्रत पुरेसे सामान्य हिमोग्लोबिन तयार करत असल्याने तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. ‘एएस’चे पुढे वयानुसार ‘एसएस’ होते, ही भीती मी सुशिक्षित घरांतूनही ऐकली आहे. तिला कोणताही आधार नाही. जन्मतः मिळालेली ही जोडी आयुष्यभर तशीच राहते.

सर्वांत मोठा गैरसमज संभाव्यतेबद्दल आहे. दोघेही वाहक असलेल्या दांपत्याला ‘चारांपैकी एक मूल आजारी होण्याची शक्यता’ असे सांगितले जाते आणि पहिले मूल ‘एसएस’ निघाले की, आता पुढची तिन्ही निरोगी होणार, असा अर्थ घरात लावला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक गर्भधारणा ही नव्याने केलेली नाणेफेक असते. आधीचा निकाल पुढच्या वेळी मोजला जात नाही. प्रत्येक वेळी मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णतः सामान्य होण्याची २५ टक्केच राहते. दोन मुले असलेल्या अशा कुटुंबांचा हिशेब मांडला तर शंभरांपैकी साधारण ५६ घरांत एकही मूल रुग्ण नसेल, ३८ घरांत एक असेल आणि सुमारे ६ घरांत दोन्ही मुले रुग्ण असतील. हे आकडे कागदावर मांडून दाखवले तर शाळा अर्धवट सुटलेल्या पालकांनाही ते समजतात, हा माझा अनुभव आहे.

मूल ‘एसएस’ निघाले की दोष सुनेच्या माथी मारला जातो, हे मला विशेष क्लेशकारक वाटते. अशा मुलाला एक प्रत आईकडून आणि दुसरी वडिलांकडूनच आलेली असते, त्यामुळे एकट्या आईला जबाबदार धरण्याला शास्त्रात जागाच नाही. हा आजार एखाद्या जातीचा किंवा जमातीचा कलंकही नव्हे. वाहकांना गंभीर स्वरूपाच्या हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे संशोधक अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता, त्या आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य सागराचा परिसर आणि भारताच्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून राहिले. ज्यांच्या पूर्वजांना त्याने तारले, त्यांच्याच वंशजांना त्याबद्दल हिणवणे अन्यायाचे आहे.

विवाहाच्या बाबतीतही असाच गोंधळ आहे. मुलगी ‘एएस’ आहे एवढ्यावरून स्थळे मोडली जातात. वस्तुतः तिचा विवाह ‘एए’ व्यक्तीशी झाला तर होणारी मुले वाहक असू शकतील. रुग्ण होणार नाहीत. मात्र जोडीदार बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असेल तर मुलाला गंभीर आजार संभवतो आणि शिबिरात होणाऱ्या सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीत ही गोष्ट कळत नाही. ती चाचणी ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांतील भेदही दाखवत नाही. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी होईपर्यंत कुणाच्याही हाती अंतिम निष्कर्ष देऊ नये. दोघेही वाहक असलेल्या दांपत्याला गर्भाची तपासणी गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतच करता येते, हेही वेळेवर सांगितले गेले पाहिजे.

माझी आरोग्य विभागाला विनंती आहे की, कार्ड देण्याच्या दिवशीच पती-पत्नीला किंवा पालकांना एकत्र बसवून, गोंडी, कोरकू, भिली अशा त्यांच्या बोलीत, आकृती काढून हे सर्व समजावून सांगणारा प्रशिक्षित समुपदेशक प्रत्येक शिबिरात असावा. शिक्षण विभागालाही एक सूचना आहे. मेंडेलच्या वाटाण्यांचे उंच-बुटके तक्ते विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. तोच तक्ता ‘एएस’ आई आणि ‘एएस’ वडील घेऊन विद्यार्थ्यांकडून वर्गात सोडवून घ्यावा, आणि विदर्भ व नंदुरबारच्या शाळांनी येत्या सत्रापासूनच त्याला सुरुवात करावी.

आपला नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, चंद्रपूर