विश्रामबागच्या कॉम्प्युटरवाल्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हँडीकॅमवर भरलेल्या साठेक मिनी डीव्ही कॅसेटी हाच आमच्या घरातला खरा दागिना. हरिपूरची यात्रा, मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, लग्नं, बारशी, आणि दर ५ नोव्हेंबरचे रंगभूमी दिनाचे कार्यक्रम. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत नाटक उभं केलं, त्या गावात राहून हा दिवस चुकवायचा नाही, असा आप्पांचा हट्ट होता. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातल्या आमच्या घरातून आम्ही कागदपत्रांच्या आधी कॅसेटींची पिशवी बाहेर काढली होती. पुढे भाच्याने एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारा डबा, बसवून दिला आणि तो नोकरीला परदेशी गेला. सगळं घरात होतं, पण टीव्हीवर काही बघता येत नव्हतं.

टीव्हीच्या प्लेअरमध्ये फाइलींची यादी यायची आणि फाइल निवडली की 'फॉरमॅट चालत नाही' असा निरोप. जेलीफिनमधून, म्हणजे नॅसवरचे व्हिडिओ टीव्हीला पुरवणाऱ्या सर्व्हर प्रोग्राममधून, लावलं तर थोडं चालून चित्र अडकायचं आणि चक्र फिरत बसायचं. सासूबाई रिमोट ठेवून उठून जायच्या. ज्यांना विचारलं त्यांनी राउटर बदला, टीव्ही बदला असंच सांगितलं.

तुम्ही काहीही विकत घ्यायला लावलं नाहीत. व्हिडिओ अडकलेला असतानाच लॅपटॉपवर नॅसचं पान उघडलंत आणि मला शेजारी बसवून दाखवलंत: प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, नेटवर्क जवळजवळ रिकामं. डीव्हीची, म्हणजे कॅसेटीवरून जशीच्या तशी उतरवलेली, फाइल तासाला सुमारे १३ जीबीची, म्हणजे सेकंदाला ३० मेगाबिटच्या आतली. आमच्या टीव्हीच्या लॅन पोर्टला १०० मेगाबिट झेपतात. वायर, राउटर सगळं ठीक होतं. टीव्हीला डीव्ही वाचताच येत नाही, म्हणून सर्व्हर ती चालता चालता बदलून द्यायला बघत होता आणि छोट्या नॅसची ताकद तिथे कमी पडत होती. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, हे तेव्हा कळलं. इतक्या महिन्यांत आम्हाला कारण सांगणारे तुम्ही पहिले.

मग सगळ्या फाइली तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर रात्री लावून एच.२६४ या टीव्हीला वाचता येणाऱ्या प्रकारात बदलून आणल्यात. आता टीव्ही त्या जशाच्या तशा उचलतो, नॅसला नुसतं पाठवायचं काम उरलं. मूळ फाइलींना हात लावला नाहीत. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यात आणि टीव्हीला फक्त वाचायची परवानगी दिलीत.

बदलताना तुम्ही जी काळजी घेतलीत, तिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र अर्ध्या अर्ध्या ओळींनी साठवलेलं असतं. त्यामुळे नव्या टीव्हीवर लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटायचे. तुम्ही सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं वेगळी करून पन्नास पूर्ण चित्रं केलीत, आणि लेझीम पुन्हा आप्पांनी पाहिलं तसं सळसळतं दिसू लागलं. रुंद पडद्यावर माणसं आडवी ताणली जात होती, तेही तुमच्याच लक्षात आलं. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या म्हणालात. सासूबाई लग्नात जशा शिडशिडीत होत्या, तशाच आता दिसतात. हे कोणी मागितलं नव्हतं. मागायचं असतं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

लाईट गेली की राउटर नॅसला नवाच पत्ता द्यायचा आणि टीव्हीला सर्व्हर सापडायचा नाही. तो पत्ता तुम्ही राउटरमध्ये कायमचा बांधून टाकलात. लायब्ररीला 'घरचे व्हिडिओ' हा प्रकार दिलात, म्हणून घरच्या बारशावर भलत्याच सिनेमाचं पोस्टर येणं बंद झालं. फोल्डरांची नावं मराठीत, सालवार. सासूबाई आता एकट्या टीव्ही लावतात, साल शोधतात, हवं ते बघतात. कुणाला हाक मारावी लागत नाही, याचं त्यांना फार आहे.

बॅकअपचं तुम्ही सांगितलंत ते तर भाच्यालाही फोनवर ऐकवलं. नॅसमधल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, त्यामुळे एक बिघडली तर दुसरी तारते. पण चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं, आणि पूर आला तर दोन्ही एकाच डब्यात बुडतात. कृष्णाकाठी राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. तिसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर करून ती जतला नणंदेकडे ठेवायची, हा तुमचाच सल्ला. नदीपासून इतकं लांब, कोरडं गाव आमच्या नात्यात दुसरं नाही. गौरी-गणपतीला नणंद डिस्क घेऊन येते, नवं काही असेल ते भरून परत नेते.

फक्त मजुरी घेतलीत, तीही कमीच, असं आमच्या ह्यांचं आणि माझंही मत आहे. गल्लीतल्या दोन घरांत अशाच कॅसेटी पडून आहेत. तुम्हाला विचारून त्यांना तुमचा नंबर दिलाय. त्यांच्याकडून मात्र रात्रभर चालणाऱ्या कॉम्प्युटरचेही पैसे घ्या, मी त्यांना तसं सांगून ठेवलंय.

आपली,
काकू
गावभाग, सांगली