वर पाळक, खाली फादर

वेंगुर्ला

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

मी 'प्रॉटेस्टंट झाले' ही बातमी वसईला माझ्याआधी पोचली, हे आईच्या फोनवरून कळलं. बाबा, रविवारची मिस्सा मी चुकवत नाही. बुधवारी संध्याकाळी शेजारच्या बाईंकडे बायबल वाचायला बसते आणि त्या प्रॉटेस्टंट आहेत, एवढंच खरं. निवृत्त शिक्षिका आहेत. आपल्याला संतांचे सण पाठ, तर त्यांना बायबलमधली पौलाची पत्रं. इथं त्यांचं चर्च जुनं आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी इथं दवाखाना चालवला. त्यांतल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, मग भारतातला अमेरिकेचा राजदूत. बाई हे असं सांगतात, जणू त्यांच्याच वर्गातला पोरगा! आणि तुम्हाला परवानगीचीच काळजी असेल, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्येच अशी एकत्र प्रार्थना इष्ट आहे असं लिहून ठेवलंय. फादरांना विचारा हवं तर.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. मे महिन्यात वादळी पाऊस झाला, त्यात आमच्या पॅरिशमधल्या एका रापणकाराची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्याची, अर्धी कौलं उडाली. शाकारणीला पैसे नव्हते. प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात जुन्या इमारतीची उतरवलेली कौलं रचून ठेवलेली होती, ती न्या म्हणून त्यांनी निरोप पाठवला. हा गडी ऐकेना. "माका नको. मी फेडतलंय कशान?" फादर समजावून थकले. मग बाईच गेल्या. म्हणाल्या, आमच्या पोरांनी तुझी रापण ओढली आणि वाटा घरी नेला, तेव्हा तू कुणाचं चर्च विचारलं होतंस का? त्यावर त्याला बोलायला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. एक म्हातारा अंगणात बसून एकेक कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघत होता. खणखणीत वाजलं तर वर, बद्द वाजलं तर बाजूला. छपरावर त्यांचे पाळक, खाली शिडी धरून आमचे फादर. बाबा, तुम्ही असता तर म्हणाला असता, प्रॉटेस्टंट वर आणि कॅथॉलिक खाली, हे काय चाललंय! रिपा बदलायला आलेला सुतार हिंदू, त्यानं मजुरी घेतली नाही. दुपारी बांगड्याची कढी आणि भात, तो मात्र त्या रापणकाराच्या घरचा. ते जेवण नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्या बुधवारी बाईंनी करिंथकरांस दुसरं पत्र काढलं, आठवा आणि नववा अध्याय. यरुशलेममधल्या गरीब बांधवांसाठी पौल वर्गणी गोळा करत होता. मकदुनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल, तरी आम्हालाही देऊ द्या म्हणून त्याच्या मागे लागल्या. "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" हे वाक्य तिथलंच. हे सगळं आपण मिस्सेत ऐकलेलं असतं. पण रोमकरांच्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. पौल तिथं विनवतो, प्रार्थना करा, ही मदत यरुशलेमच्या लोकांना मान्य व्हावी म्हणून. म्हणजे पैसे जमले, तरी ते घेतील की नाही याची त्याला धास्ती! परजातीयांचा, म्हणजे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांचा पैसा यहुदी बांधवांनी घेतला, तर दोघं एका घरातले. परत पाठवला, तर सगळंच फिसकटलं.

मला वाटतं, देणं त्या मानानं सोपं असतं. त्यात आपला हात वर असतो. दुसऱ्याचं घेताना मान थोडी वाकवावी लागते. प्रायश्चित्तकाळात आपण दानपेटीत टाकतो, उपास करतो, रिट्रीटला जाऊन डोळे ओले करून येतो, आणि ते ओलेपण एसटी स्टँडपर्यंतही टिकत नाही. माझं तरी असंच होतं. इथं मात्र मिस्सा उरकायची सवय हळूहळू सुटतेय, शेजारी कोण बसलंय ते दिसायला लागलंय.

तुमचं खातं आहे ती बॅसीन कॅथॉलिक बँकच घ्या. मोन्सिन्योर मोनीस यांनी १९१८ साली काढली, शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून. तुमच्या आजोबांनी तिचे शेअर घेतले, हे तुम्ही किती अभिमानानं सांगता! तिथं तर देणारे आणि घेणारे तेच, आज तुझी बागायत बुडाली, उद्या माझी.

आणि आता रागावू नका. बावखलाच्या, आपल्या वाडीतल्या तळ्याच्या, वाटेवरून वाद झाला आणि काकांशी बोलणं बंद झालं. गेल्या नाताळला त्यांनी राजेळी केळ्यांचा लोंगर पाठवला, तो तुम्ही पोराच्या हातून परत केलात. आई तेव्हा काही बोलली नाही, पण मला फोनवर रडली. वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट करून ये, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. ते कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट, दोघांच्या बायबलमध्ये सारखंच छापलंय. मी बुधवारी कुणाकडे बसते याची चौकशी करण्यापेक्षा, रविवारी मिस्सेत शेजाऱ्याला शांतीची खूण करताना तुम्ही मान कुठं फिरवता ते बघा ना.

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे, ताईनं व्हॉट्सॲपवर कळवलंय. त्यांचा मुलगा दुबईला, काकूंना एकटीला झेपणार नाही. रिक्षा तुम्ही बोलवा आणि सोबत जा. तिकडे गेल्यावर काकू चहाचे पैसे द्यायला लागल्या, तर देऊ द्या.

आई, बोंबलाची चटणी संपली. कुणी इकडे येणार असेल तर पाठव.

तुमची,
बेबी