टेकडीवरचा पाचोळा जाळू नका
महोदय,
पुणे जिल्ह्यातल्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या कोरड्या, खुरट्या जंगलात मुंग्यांच्या जाती नोंदवायला साखरेचे आमिष पुरत नाही. दांडग्या जाती त्यावर तुटून पडतात, बाकीच्या निसटतात. वनखात्याच्या परवानगीने साबणपाण्याचे पेले जमिनीत पुरावेत. काठ मातीच्या पातळीतच हवा, म्हणजे चालती मुंगी आत पडते. जरा वर राहिला की मुंगी वळसा घालून जाते. ४८ तासांनी पेले काढावेत. झाडावरच्या जातींसाठी खाली पांढरे कापड धरून फांदी झोडपावी. पाचोळाही चाळावा, पण तो जागेवर तर हवा! पुण्याच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात गवत पेटते, तेव्हा पाचोळ्यातल्या मुंग्यांचा आसराच जळतो. बिळाभोवती मातीच्या पाकळ्या रचणारी, बिया वेचणारी मुंगी मात्र उघड्या मातीत घर करते. तिथे कृपया फरशा बसवू नका.
– एक निसर्ग अभ्यासक, पुणे