रेवदंड्याच्या वाडीतून, मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

वाडीतली झाडं ओळखायला शिकवल्याबद्दल फोनवर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आमच्यासारख्या बंद पडलेल्या वाड्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत. कुणाच्या तरी कामी येईल.

सासूबाई गेल्यावर वाडीकडे बरीच वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही राहायला आलो तेव्हा नारळी-पोफळींखाली कमरेएवढं रान माजलेलं. मृगाचा पाऊस पडून गेला होता, गडी आणि ग्रासकटर ठरला होता. तुम्ही शेजारी पाहुण्या म्हणून आला होतात. गडग्यावरून आत डोकावून म्हणालात, "कापण्याआधी आत कोण कोण आहे ते तर बघू!"

मग तुम्ही चिखलातच बसलात. एक पान माझ्या हातात दिलंत. तळाशी एकाच जागेवरून त्रिशूळासारख्या तीन शिरा फुटलेल्या, कडा दातेरी, चुरगळलं की उग्र दर्प. ही रानमोडी, मूळची अमेरिकेची. नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, थंडीत फुलली की बी वाऱ्यावर गावभर. म्हणून पावसाने माती मऊ झाली की मुळासकट उपटायची, फुलण्याच्या आत.

तिच्याच शेजारी, तशाच कातरलेल्या पानांची, पण एकेका पेरावर तीन-तीन पानं असलेली भारंगी होती. सासूबाई दर पावसाळ्यात जिची भाजी करायच्या तीच. ग्रासकटरने दोघींना एकाच फटक्यात आडवं केलं असतं. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पोफळीखाली शेवळंही होती, ती पावसाळी रानभाजी. आणि पानाच्या टोकाला वळलेला ताणा असलेली कळलावी, जिचा कंद विषारी. ती घरात लहान मुलं म्हणून गडग्यापलीकडे हलवायला लावलीत. घाणेरी तर मी ओळखत होते, पण ती १९व्या शतकात शोभेसाठी आपल्याकडे आणली गेली हे तुमच्याकडूनच कळलं.

सगळ्यात दमवलं ते वेडेलिया नावाच्या पसरणाऱ्या वेलाने. विहिरीच्या पाटाकडेला पिवळ्या फुलांचा गालिचा दिसायचा, मोबाईलमधलं अ‍ॅप त्याला चुकून पिवळा माका म्हणत होतं. तुम्ही तीन टोकांचं पान दाखवलंत आणि वेल उचलून प्रत्येक पेराला फुटलेली मुळं दाखवलीत. तुकडा राहिला तरी रुजतो, म्हणून पऱ्यात टाकायचा नाही, खतखड्ड्यातही नाही; गोणीत भरून उघड्या कातळावर कोळपेपर्यंत वाळवायचा. तसंच करतेय. अजूनही नवे कोंब दिसतात, दिसले की उपटते. मोकळी जमीन ठेवू नका म्हणालात, तिथे अडुळसा लावला आहे, छान धरलाय.

इतकं ज्ञान असून तुम्ही एकदाही मला अडाणी वाटू दिलं नाहीत. माझ्या धाकटीलाही तुम्ही मोठ्या माणसासारखं समजावलंत. आता ती वाटेत थांबून पानं उलटी करून बघते.

विहिरीमागे एक नवा वेल चढतोय. पानाच्या दोन्ही बाजू, खोड आणि पानं पेरावर कशी बसली आहेत, असे सगळे फोटो मी तुम्हाला पाठवले आहेत. तुमचं उत्तर येईपर्यंत त्याला कोयता लावत नाही.

आपली,
वाडीतली सूनबाई