कार्ड विक्रमच्या नावावर असू दे

प्रिय मुक्ता,

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, दिवसभर घरी मीच असते, तर सासूबाईंच्या औषधी गांजाच्या कार्डासाठी केअरगिव्हर, म्हणजे त्यांच्यासाठी तो आणून सांभाळणारी, म्हणून माझंच नाव टाकते." मी गप्प झाले. तुला वाटलं असेल, आईला गांजा हा शब्दच पचला नाही. तसं नाही गं. घाईत बोलायची गोष्ट नव्हती, म्हणून लिहायला बसले.

मी नर्सच्या नोकरीला लागले त्याच सुमारास आपल्याकडे १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा आला. त्यानंतर मॉर्फिन मिळवणं इतकं किचकट झालं, की कॅन्सरचे पेशंट रात्र रात्र कण्हत पडायचे आणि आमच्या हातात त्यांचे पाय चेपण्यापलीकडे काही नसायचं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तोवर त्यातले कितीतरी गेले होते. तेव्हा औषधाच्या नावाला मी भीत नाही. विहीणबाईंना केमोनंतर चार चमचे पेज पोटात टिकत नव्हती, ती त्या औषधाने टिकायला लागली, हे मी तुझ्या घरी सहा आठवडे राहून डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना स्वतःलाच किती संकोच वाटत होता! गांजा म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे चिलीम ओढणारा बैरागी यायचा.

माझी काळजी वेगळी आहे: तू अजून नागरिक नाहीस, ग्रीन कार्डावर आहेस. मिशिगनने २००८ साली मतदान करून रुग्णांसाठी हे खुलं केलं, ते त्या राज्यापुरतं. अमेरिकेच्या केंद्राच्या १९७०च्या कायद्याने गांजाला सगळ्यात कडक यादीत टाकलं. म्हणूनच तिथले डॉक्टर त्याची चिठ्ठी लिहून देत नाहीत, या बाईंना अमुक आजार आहे एवढा दाखला देतात. ती यादी बदलायच्या हालचाली गेली काही वर्षं चालल्यात खऱ्या, पण त्या भरवशावर तू सही करू नकोस. नागरिकत्वाचे अर्ज तपासणाऱ्या खात्याने एप्रिल २०१९मध्ये लेखी सांगून ठेवलंय, की केंद्राच्या कायद्याने गुन्हा ठरेल असं गांजाबाबतचं वागणं, राज्यात चालत असलं तरी, अर्जदाराच्या 'चांगल्या वर्तणुकी'च्या आड येऊ शकतं. पुढच्या वर्षी तू अर्ज करणार. तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं, तर तुझ्याच सहीचा कागद तुझ्याविरुद्ध बोलेल. आणि तिथे खोटं बोलणं तर त्याहून वाईट.

तुझ्या नवऱ्याचं तसं नाही. विक्रमचा जन्म तिथला, विहीणबाईही कधीच्याच नागरिक झाल्या. केअरगिव्हर २१ वर्षांचा पुरा लागतो, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला चालत नाही. विक्रमला यातली कुठलीच अडचण नाही. रुग्णाच्याच अर्जात केअरगिव्हरचं नाव लिहायचं असतं, तिथे त्याचं लिहा. दुकानात तो जाईल, डबी तो आणेल, कपाटाची किल्ली त्याच्याकडे राहील. एका केअरगिव्हरला पाच रुग्णांपर्यंत सांभाळता येतं आणि रुग्णामागे बारा झाडं लावता येतात, म्हणून तळघरात बाग करायचं तुमच्या डोक्यात आलं होतं ना? ते राहू द्या. झाडं कुलूपबंद ठेवावी लागतात, आणि ज्या घरात तू राहतेस तिथे ती नकोतच. हे सगळं त्या विषयाच्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या. मी सिस्टर आहे, वकील नव्हे.

तुला वाटेल, मग माझ्याकडे काय उरलं? अगं, सगळं उरलं. उलटीनंतर तोंड धुऊन देणं, पाठीला उशी लावणं, मऊ भात, तूप-मेतकूट, आणि वही. वहीचं जरा नीट ऐक.

मी तिथे असताना त्या रात्री काय झालं आठवतं ना? त्यांनी गोळीचा तुकडा खाल्ला, पाऊण तासात काही वाटेना म्हणून दुसरा खाल्ला. मग दोन्ही एकदमच चढले. छातीत धडधड, खोली फिरते म्हणून माझा हात सोडेनात. धूर मिनिटांत भिनतो, पण पोटात गेलेल्याला अंमल चढायला दोन तासही लागतात आणि तो पुढे सहा-आठ तास टिकतो. घाई करून चालत नाही. अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि त्या दिवशी दुसरा डोस नाही, हे विक्रमला पाठ करायला लाव. दिलेली वेळ, किती दिलं, दोन तासांनी मळमळ कशी होती, झोप लागली का, हे तू लिही. रात्री बाथरूमला उठल्या की हात धर, कारण उठताना रक्तदाब खाली जातो आणि या वयात पडणं म्हणजे खुबा मोडणं. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू आहे, ते त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना या औषधासकट सांगाच. दोन्ही मिळून रक्त जास्त पातळ होऊ शकतं. लाज धरून लपवलं तर डॉक्टर कशाच्या आधारावर डोस ठरवतील?

ओवीचा हात पोचेल अशा जागी ती डबी राहिली तर मात्र मी तुला माफ करणार नाही. चार वर्षांच्या पोरीला ती जेलीची गोळीच दिसणार.

आणखी एक. टोरांटोला वन्संकडे जाताना विंडसरचा पूल ओलांडायच्या आधी गाडी आणि पर्सा रिकाम्या करून बघा. कॅनडात २०१८पासून चालतं म्हणून सीमेवरून नेता येत नाही. गणपतीला इकडे येताना तर एक तुकडाही नको. विहीणबाईंना मी स्वतः फोन करून सांगेन. तू सांगितलंस तर त्यांना वाटेल, सून आपल्यावर पाळत ठेवते.

वहीचं पहिलं पान भरलं की फोटो काढून पाठव. तारीख तिथली घाल, आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळाची.

तुझी,
आई