चकाकी न आणल्याबद्दल आभार
(तांबट आळीतल्या काकांना उघडं पत्र)

ती. काकांस,
स. न. वि. वि.

तुमच्याकडून परत आलेलं सामान फारसं चकाकत नाही, आणि हे पत्र लिहायचं पहिलं कारण तेच. पितळी लोटा, तीन पेले, निकेल चढवलेली डबी आणि डव्ह पॅन (रिकामं दाखवून झाकण काढताच कबूतर निघतं ते भांडं), सगळं जुनं होतं तसं जुनंच दिसतं. पण लोटा आता भलत्या जागी गळत नाही, डबीचं झाकण अजूनही स्वतःच्या वजनाने सावकाश खाली बसतं आणि पेले एकातून एक सुळकन सुटतात. जादूच्या सामानाची दुरुस्ती म्हणतात ती हीच. चकाकी काय, स्टेजवरचे दिवे देतात.

पत्र उघडं ठेवलंय, कारण आम्हा जादूगारांतले बरेच जण अजूनही जुनं सामान थेट बफिंगवाल्याच्या, म्हणजे मशिनवर घासून चकाकी आणणाऱ्याच्या, हवाली करतात. तुमच्यासारख्या पेठेतल्या कारागिराने काय केलं आणि मुख्य म्हणजे काय करायला नकार दिला, ते त्यांनीही वाचावं. लोट्याच्या पोटात काय आहे ते मात्र इथे लिहिणार नाही. तुम्ही ते बोटाने चाचपून ओळखलंत आणि शेजारच्या गाळ्यातही त्याबद्दल बोलला नाहीत. त्याचे आभार वेगळे.

लोट्यापासूनच सुरुवात करतो. जादूगार पी. सी. सरकारांच्या कार्यक्रमात ‘वॉटर ऑफ इंडिया’ म्हणून दोन प्रयोगांच्या मध्ये पुन्हा पुन्हा रिकामा व्हायचा, त्याच जातीचा हा लोटा. आत कल्हई उडालेली, बुडाजवळच्या जोडातून पाणी झिरपत होतं. कुणीही म्हणेल, डाग द्या (जोड झाळा), कल्हई करा, संपलं. तुम्ही आधी जोडाचा कण खरवडून पाहिलात आणि तो शिसं-कथलाचा आहे म्हणून कल्हईला नाही म्हणालात. हिशोब सोपा आहे, पण फार थोडे लोक करतात. शिसं-कथलाचा जोड 183 अंशांना सुटायला लागतो, आणि नुसतं कथील वितळायलाच 232 अंश लागतात. म्हणजे नवसागर टाकून कल्हई भांड्यावर पसरेपर्यंत आतले सगळे जोड कधीच सुटलेले असतात. चांदीच्या झाळणाचं (जोड देताना वितळवतात त्या धातूचं) तर नावच नको. त्याला सहाशेच्या वर तापवावं लागतं, मग जोड तर जातातच, पत्राही नरम पडून आकार बदलतो. असल्या लोट्याला कल्हई करायची ती भाग सुटे असताना. एकदा बंद झाल्यावर कल्हईचा विषय संपला.

मग गळती कशी थांबवलीत, तेही लिहून ठेवतो. आधी लोट्यात कोमट साबणाचं पाणी भरून हलवलं, रिकामा केला, पूर्ण वाळवला. नंतर तो पाण्यात बुडवून तोंडातून हळू फुंकर मारली आणि बुडबुडे येतील तिथे खिळ्याने खूण केली. जोरात हवा भरायची नाही, सपाट बूड फुगतं. ज्योतीचा दिवा न वापरता तांब्याच्या जाड टोकाची 100 वॉटची झाळकामाची इस्त्री वापरलीत, बाकीच्या जोडांवर ओली चिंधी गुंडाळलीत, आणि ॲसिडऐवजी राळ लावलीत. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जस्त टाकून मारलेलं ॲसिड झाळायला उत्तम, पण ते धुऊन काढावं लागतं. जिथे ब्रशच जात नाही तिथे ते आतच राहतं, दमट हवेत पाणी ओढतं आणि आतून पत्रा खात बसतं. वरून जोड लखलखीत, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्याच शेजारी नवं भोक. राळेचं तसं नाही, राहिली तरी निरुपद्रवी.

आतली अरुंद वाट बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी अर्धी बुजली होती. त्यामुळे पाणी थांबायला हवं तिथे थांबत नव्हतं. तार घालून टोकरलं असतं तर कड कायमची फाटली असती. तुम्ही लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवलंत, ओतून टाकलंत, मग चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने आणि शेवटी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने खळबळून काढलंत. अर्ध्या तासाहून जास्त नाही, कारण आम्लात पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि मागे गुलाबीसर तांबं उरतं. पितळेवर असा गुलाबी डाग दिसला की ती स्वच्छता नसते, धातू गेलेला असतो. चिंच-मिठाने रोज घासलेल्या भांड्यांवर हाच डाग दिसतो, शिवाय मीठ सांध्यात अडकून तिथे हिरवं कळकतं ते वेगळंच.

एक सूचना सगळ्यांसाठी, काकांनी बजावलेली: आत शिसं आहे, तेव्हा या लोट्यातलं पाणी कुणी प्रेक्षकांसमोर पिऊन दाखवू नये.

पेल्यांचा त्रास निराळा होता. तिन्ही स्पिनिंगचे, म्हणजे लेथवर साच्यावर दाबून घडवलेले, पत्रा 22 गेजचा, साधारण 0.7 मिमी. अशा पितळेत घडवतानाचा ताण कोंडलेला राहतो. त्यात अमोनिया आणि दमटपणा मिळाला की कडेला केसासारखी उभी चीर जाते, कुणी हात न लावता. इंग्रजांच्या फौजेला हा अनुभव हिंदुस्थानातच आला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण पुढे 1921 मध्ये सिद्ध झालं. आमच्या पेल्यांना तबेला लागत नाही, अमोनिया असलेलं पॉलिश पुरतं. ते लावून, न पुसता, पेले एकात एक घालून पेटीत ठेवले की झालं.

तुम्ही चीर संपते तिथे 1 मिमीचं भोक पाडलंत, म्हणजे ती पुढे सरकत नाही. झाळण्याआधी तिन्ही पेले ओव्हनमध्ये 250 अंशांवर तासभर ठेवायला लावलेत, ताण उतरावा म्हणून. हे जोड नसलेल्या वस्तूलाच चालतं, लोटा चुकूनही नाही. पितळ थोडं तपकिरी होतं, होऊ द्यावं. मगच आतल्या बाजूने चीर आणि भोक मऊ, म्हणजे कमी उष्णतेत वितळणाऱ्या, झाळणाने भरलंत. चांदीचं झाळण जास्त मजबूत झालं असतं, पण कड नरम पडून दर प्रयोगाला चेपली असती.

खळगे काढतानाचा तुमचा हात पाहण्यासारखा आहे. पेला लोखंडी दांड्याच्या गोल टोकावर चढवायचा, टोकाची गोलाई पेल्याच्या आतल्या गोलाईहून किंचित लहान, आणि बाहेरून हलक्या लाकडी हातोड्याने खळग्याच्या काठावरून गोल गोल फिरत मध्याकडे यायचं. प्रत्येक ठोका इतका हलका की आवाजच सांगतो: खाली टेकला असेल तर टणक, पोकळ असेल तर भद्द. बरोबर मध्यावर घाव घालायचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलं की पत्रा ताणला जातो, खळग्याच्या जागी टेंगूळ येतं आणि पेला पेल्यात अडकतो. ताणलेला पत्रा परत आवळणं खळगा काढण्यापेक्षा दसपट कठीण. मठारकाम, म्हणजे ठोके देऊन भांडं घडवायचं काम, करणाऱ्याला हे रक्तातच असतं म्हणा.

डबी तुम्ही हातात घेऊन, काही न करता परत दिलीत: ‘हिला मुलामा द्याल तर झाकण बसणार नाही.’ तेव्हा ही अतिसावधगिरी वाटू शकते, पण आकडे पाहा. चांगला निकेलचा थर 20 मायक्रॉनचा. झाकणाच्या आतून दोन्ही बाजूंना, डबीच्या बाहेरून दोन्ही बाजूंना, मिळून 80 मायक्रॉन, म्हणजे 0.08 मिमी. डबीला मुळात मोकळीकच तेवढी असते. म्हणून मुलाम्याला देताना जिथे धातू धातूवर सरकतो त्या जागा लाखेने झाकून द्यायच्या आणि तिथे बफ लावू नका असं कागदावर लिहून चिकटवायचं. तोंडी सांगितलेलं बफिंगच्या मशिनपाशी पोचत नाही. बफने कड गोल होते, कोरीव नक्षी आणि बनवणाऱ्याचा शिक्का पुसला जातो, आणि गेलेला धातू कुठलाही मुलामा परत आणत नाही.

क्रोम सुटायला लागलेल्या, एकमेकांत अडकवून दाखवायच्या लोखंडी कड्यांच्या संचाला तुम्ही हातच लावला नाहीत, तेही योग्यच. पापुद्रा सुटला की त्याची कड ब्लेडसारखी हात कापते, आणि वरून घासून उपयोग नसतो. जुना थर पूर्ण उतरवून नव्याने चढवणं हे मुलामेवाल्याचंच काम. डव्ह पॅन ॲल्युमिनियमचं, त्याला धुण्याचा सोडा लावू नका एवढंच सांगितलंत. लागला की काळं पडतं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. साधा साबण, मऊ कापड, लगेच पुसणं, बस.

ठेवण्याबाबत तुम्ही सांगितलेलं आम्ही पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने पितळ-तांबं काळं पडतं. वर्तमानपत्र नको, धुतलेल्या जुन्या सुती धोतराचे तुकडे चालतील. कच्च्या प्लायची पेटी असेल तर आतून जाड प्लास्टिक. प्रयोग संपला की घाम लागलेल्या जागा ओल्या फडक्याने पुसून मगच कोरडं फडकं, नुसतं कोरडं फिरवलं तर मीठ पसरतं. बाहेरून मेणाचा पातळ हात चालेल, पण बोट टेकवायच्या जागी अजिबात नको. लोटा पेटीत जाताना पालथा, आणि आधी केस वाळवायच्या मशिनने कोमट हवा देऊन.

गणपतीतले प्रयोग आटोपले की भाताच्या जादूचे पितळी वाडगे घेऊन कुणीतरी येईल. त्यातल्या एकाची कड घासून सपाट केलेली आहे. तिथे काचेची तबकडी टेकते, तेव्हा त्या कडेला ठोका नको आणि कानसही नको, बाकी वाडग्याचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मजुरी या वेळी तरी पूर्ण घ्या.

आपले,
जादूचे प्रयोग करणारे आम्ही सगळे