क्लासमध्ये झालंय, म्हणून शाळेत नाही?

मा. संपादक,
स. न.

नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांनी मेची सुट्टी कारणी कशी लावावी, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. पहाटे पाचला उठा, दहा ते एक गणित, दुपारी विज्ञान, रात्री उजळणी. वेळापत्रक रंगीत चौकटीत छान दिसतंय. लेखक मे महिन्यात कधी अकोल्याला येऊन गेलेत का, एवढंच विचारायचं होतं. इथे दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. लेखाच्या बरोबर समोर एका क्लासची अर्धं पान जाहिरात आहे, तो योगायोग समजून पुढे जातो.

बोर्डाची परीक्षा मार्चवरून फेब्रुवारीत आली, वेळ कमी पडतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण सुट्टीतच दहावीचे धडे उरकायचे, हा त्यांनी सांगितलेला उपाय आमच्या घरात करून झालाय, म्हणून हे पत्र.

2025 साली नववीपर्यंतच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. शुक्रवारी नातीचा नववीचा पेपर संपला, सोमवारी क्लासची दहावीची व्हेकेशन बॅच सुरू. टिनाचं शेड, साठावर पोरं, दोन कूलर, त्यातला एक नुसता आवाज करणारा. ‘काका, आत्ता नाही बसवलं तर जूनमध्ये जागा मिळणार नाही,’ असं क्लासच्या सरांनी ऐकवल्यावर मुलाने मुकाट्याने फी भरली. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच प्रवेश द्यावा, अशा सूचना केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये काढल्या होत्या. नववी सुटलेलं पोर चौदा-पंधराचं असतं. पण त्या पडल्या मार्गदर्शक सूचना. मार्ग दाखवून झाला, सरकार मोकळं!

महिन्याभरात रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणं ‘झाली’. चाचणीत नातीला वीसपैकी अठरा. घरात पेढे. मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, गणिताचा मास्तर नाही, पण एका संध्याकाळी सहज विचारलं, बेरीज पाच आणि गुणाकार सहा येईल अशा दोन संख्या सांग. पोरगी पंख्याकडे बघायला लागली. अवयव पाडणं आठवीतलं, ते कच्चंच राहिलेलं, आणि वर्गसमीकरण सोडवायची पहिली रीत तीच. मग अठरा आले कुठून? चाचणीतली गणितं वहीतलीच होती, आकडेसुद्धा बदलले नव्हते.

म्हटलं, शाळेत परत होईलच की. 23 जूनला विदर्भातल्या शाळा उघडल्या. गणिताच्या सरांनी आल्याआल्या विचारलं, ‘वर्गसमीकरण किती जणांचं झालंय?’ भराभर हात वर. ‘मग आपण श्रेढीपासून घेऊ.’ म्हणजे थेट तिसरं प्रकरण. संपलं! ज्यांचं झालं नव्हतं अशा चार-पाच मुली होत्या. त्यांना सांगितलं, कुणाची तरी वही घ्या. त्यातल्या एकीचे आईवडील रोजाने शेतावर जातात, क्लासचे पैसे कुठून आणणार? तिने आमच्या नातीची वही नेली. म्हणजे हिने न समजता फळ्यावरून उतरवलेलं तिने वहीवरून उतरवलं.

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक माणूस सज्जन, चहा पाजला. ‘डिसेंबरात पोर्शन संपवून सराव परीक्षा घ्यायच्या असतात, काका. आणि पालकच क्लास लावतात, आम्ही तरी काय करणार?’ अनुदानित शाळा आहे. दहावीचं अख्खं पुस्तक शिकवायचा पगार सरकार देतं, पहिली दोन प्रकरणं वगळून नाही.

लेखकांनी यावर एक ओळ तरी लिहायची. मे महिन्यात पुढचा धडा उरकण्यापेक्षा मागचं काय राहिलंय ते बघा, हे सांगायला तज्ज्ञ कशाला लागतो? यंदा नातू दहावीत चाललाय. त्याला आठवी-नववीचीच पुस्तकं काढायला लावलीत. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सकाळी ऊन चढायच्या आत तास-दीड तास, मग तो आणि त्याचं क्रिकेट. सूनबाई मला तोंडावर काही बोलत नाहीत, पण कालचं तुमचं वेळापत्रक कापून फ्रिजवर चिकटवलंय. त्यामुळे आमच्या घरात आता जे होईल त्याला आपली पुरवणी जबाबदार.

पत्र छापणार असाल तर जाहिरातीचं वाक्य कापू नये. मागच्या खेपेला माझ्या पत्रातलं नेमकं तेच उडालं होतं. आणि रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं हल्ली पुढच्या अंकात सापडत नाहीत. ती कुठे छापता, तेही कळवावं.

आपला,
एक जुना वाचक, अकोला